मुक्कामाची जागा

मारुती ईकोच्या मागच्या सीट काढून तिथे प्लायवूडची खाट बसवून घेणारे, टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सिंक आणि पाण्याची टाकी लावणारे, थारच्या टपावर तंबू उघडून झोपणारे प्रवासी आता कोकणच्या रस्त्यावर किंवा लडाखच्या वाटेवर नवलाचे राहिलेले नाहीत. करोनाच्या काळात हॉटेलची धास्ती बसली, घरून काम करण्याची सवय लागली आणि चाकांवरचे छोटे घर मध्यमवर्गीय कुटुंबांच्या बोलण्यात आले. निवृत्त जोडपी चौकशी करतात, तिशीतली मुले हप्त्यांचा हिशेब मांडून बघतात. चौकशी होते ती गाडीची. बॅटरी किती तास टिकते, आरटीओ हा बदल मान्य करते का, आत उभे राहता येते का. ही गाडी रात्री कुठे उभी करायची, हे मात्र बहुतेकांना पहिल्या प्रवासात अंधार पडल्यावरच सुचते.

माझ्या मते तोच मूळ प्रश्न आहे. गेल्या दीडशे वर्षांत चाकांवरच्या घराचे नशीब इंजिनापेक्षा मुक्कामाच्या जागेने जास्त ठरवले. ती जागा कोणाला द्यायची आणि कोणाला नाकारायची, याचे निर्णयही दर पिढीत जवळपास सारखेच झाले. हौसेने फिरणाऱ्याला कुरण मिळाले, पोटासाठी फिरणाऱ्याच्या दारात पोलीस उभा राहिला. छोटा कॅम्पर या दोघांच्या मधे येतो. त्याचा मालक हौशी असतो, पण ऐपत बेताची असल्याने सार्वजनिक नळ, सार्वजनिक संडास आणि सार्वजनिक मैदान यांच्यावाचून त्याचे चालत नाही.

हौसेच्या बाजूची गोष्ट सहसा १८८५ पासून सांगतात. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश नौदलातले माजी डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहून नाव कमावलेले. जिप्सींच्या रंगीत घरगाड्या पाहून त्यांनी ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून महोगनी लाकडाची तशीच गाडी करवून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘वॉन्डरर’. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे, सोबत गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पाळलेला पक्षी. नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्त्याची खबर ठेवायचा. त्या उन्हाळ्यात स्टेबल्स बर्कशायरमधल्या ट्वायफर्डहून उत्तर स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी त्यावरचे पुस्तक निघाले. स्वतःला ते कौतुकाने जिप्सी म्हणवून घेत. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडात कॅरॅव्हॅन क्लब स्थापन झाला, तो याच परंपरेतून.

खऱ्या जिप्सींचे त्या दशकात काय चालले होते? कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक ब्रिटिश संसदेत फिरत्या घरांसंबंधीचे विधेयक पुन्हा पुन्हा आणवत होते. अशा प्रत्येक घराची नोंदणी व्हावी, अधिकाऱ्याला आत शिरून तपासणी करता यावी, मुलांना शाळेत घालावे, असा त्यांचा आग्रह. हेतू वाईट नव्हता. कालव्यांवरच्या नावांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी असेच कायदे करवून घेतले होते. जिप्सींबाबतचे विधेयक मात्र मंजूर झाले नाही. पण एकाच देशात, एकाच काळात, एकाच प्रकारच्या गाडीकडे बघण्याच्या दोन दृष्टी त्यातून दिसतात. डॉक्टरांच्या गाडीचे लोक कौतुकाने स्वागत करत होते आणि जिप्सीच्या गाडीत शिरण्याचा परवाना मागितला जात होता.

याच साम्राज्याने त्याआधी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा केला होता. तिथे संसदेतल्या रखडण्याचा प्रश्नच नव्हता. तांड्याने, पालाने, गाढवांच्या पाठीवर संसार लादून फिरणाऱ्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. पोलीस ठाण्यावर हजेरी, गाव सोडायचे तर पास, आणि पुढे तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरची वसाहत त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्यातून विमुक्त झाल्या, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि पोलिसांचा डोळा त्याच पालांवर राहिला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये. ही पुस्तके वाचलेल्या मराठी वाचकाला चाकांवरच्या घराचे स्वप्न ऐकताना या मुक्कामांची आठवण व्हायलाच हवी.

अमेरिकेत या दोन्ही प्रकारची माणसे एकाच रस्त्यावर आली, कारण तिथे मोटार स्वस्त झाली. आधी होती ती श्रीमंतांची मौज. १९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीने मागची सीट झोपण्यासाठी उघडता येईल अशी सोयींची गाडी काढली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि हार्वे फायरस्टोन हे तिघे उन्हाळ्यात मोटारींचा ताफा घेऊन रानात मुक्कामाला जात. सोबत स्वयंपाकाची गाडी, आचारी, तंबूत विजेचे दिवे. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही त्यांच्या तळावर राहून आले. पण फोर्ड यांचीच मॉडेल टी १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तीनशे डॉलरच्या आत आली, तेव्हा कारकून, शिक्षक, शेतकरी सगळेच रस्त्यावर उतरले. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात ‘टिन कॅन टुरिस्ट’ नावाची संघटना उभी राहिली. डबाबंद अन्नावर दिवस काढणारे आणि खूण म्हणून रेडिएटरच्या टोपणावर डबा बसवणारे हे लोक.

गावोगावच्या नगरपालिकांनी या प्रवाशांसाठी मोफत तळ उघडले. पाणी, संडास, चूल, कुठे कुठे अंघोळीची सोय. हेतू व्यापाराचा होता. प्रवासी थांबला की गावात किराणा घेतो, पेट्रोल भरतो. काही वर्षे हे झकास चालले. मग जुन्या मोडक्या मोटारीत संसार घालून कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबेही त्याच तळांवर राहू लागली आणि आठवडेच्या आठवडे हलेनात. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून बऱ्याच शहरांनी तळावर शुल्क लावले, मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली. पंचवीस-पन्नास सेंट ही रक्कम खर्च भागवण्यापुरती नव्हती. ती गरिबाला बाहेर ठेवण्यापुरती होती.

पुढच्या दशकात मंदी आणि ओक्लाहोमाकडचे धुळीचे दुष्काळ यांनी लाखो लोक पश्चिमेकडे लोटले. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपले १३६ शिपाई थेट कॅलिफोर्निया राज्याच्या सीमेवर पाठवले आणि खिशात पैसे नसलेल्यांना परत फिरवायला सुरुवात केली. शहराच्या पोलिसांनी राज्याची हद्द अडवायची, हा अधिकार त्यांना कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. कफल्लक माणसाला कॅलिफोर्नियात आणणे हा गुन्हा ठरवणारा राज्याचा कायदा शेवटी १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

आणि त्याच मंदीच्या वर्षांत, त्याच कॅलिफोर्नियात, छोट्या कॅम्परचा सगळ्यात देखणा नमुना जन्माला आला. टिअरड्रॉप, म्हणजे मोटारीच्या मागे जोडायचा अश्रूच्या आकाराचा ट्रेलर. पुढून गोलाई, मागे उतरता. रुंदी चार फूट, लांबी आठ फूट. ही मापे कोणा कलावंताची नाहीत. प्लायवूडचा तक्ता चार बाय आठचा मिळतो म्हणून ती आली. एका तक्त्यातून एक बाजू कापायची, दुसऱ्यातून दुसरी, तिसऱ्याची जमीन. आत फक्त गादी आणि डोक्याशी कपड्यांचा कप्पा. उभे राहणे सोडाच, नीट बसताही येते ते बेताबेताने. मागचे झाकण वर उचलले की आडवे स्वयंपाकघर उघडते: स्टोव्ह, बर्फाची पेटी, मिठा-साखरेच्या डब्यांची फळी. तेच झाकण पावसात डोक्यावर छप्पर होते. वजन इतके कमी की साधी मोटारही ओढून नेते. महायुद्ध संपल्यावर सैन्याचे उरलेले ॲल्युमिनियम आणि जीपची चाके स्वस्तात मिळू लागली. १९४७ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ने नकाशे छापले आणि माणसे घरच्या गॅरेजात सुटीच्या दिवशी ठोकाठोक करून असे ट्रेलर बनवू लागली.

या ट्रेलरमध्ये संडास नाही, पाण्याची टाकी नाही, दिवाही नावापुरता. मग तो चालला कसा? त्याच्यासाठी जागा तयार होत्या म्हणून. १९३३ ते १९४२ या काळात रूझवेल्ट सरकारने बेकार तरुणांच्या हाताला काम देण्यासाठी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ चालवले. जवळपास तीस लाख तरुणांनी त्यात काम केले आणि राष्ट्रीय व राज्य उद्यानांतले शेकडो तळ त्यांच्या हातून उभे राहिले. या तळांची रचना सुचवणारा माणूस वनस्पतिरोगांचा अभ्यासक होता, ई. पी. माइनेके. प्रवाशांच्या मोटारींनी मोठमोठ्या रेडवूड झाडांच्या मुळांवरची माती दाबली जाते आणि झाडे मरतात, हे त्याच्या लक्षात आले. त्याने मोटारींना बंदी घाला म्हटले नाही. एकाच दिशेने फिरणारा वळसेदार रस्ता, त्याला लागून प्रत्येक गाडीसाठी छोटा फाटा, त्यापुढे टेबल आणि चूल, आणि गाडी बाहेर भरकटू नये म्हणून कडेला मोठे दगड, अशी आखणी त्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. जगभरचे तळ आजही साधारण याच आखणीवर चालतात. अमेरिकी कॅम्परच्या इतिहासात ॲल्युमिनियमच्या चकचकीत एअरस्ट्रीमचे छायाचित्र हमखास असते. माइनेकेचे नाव फारसे कोणी घेत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. गाडी कारखान्याने दिली असेल, पण मुक्काम सार्वजनिक कामाने दिला.

युरोपात आणखी एक गोष्ट लागली: पगारी रजा. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी सुटी कायद्याने मिळाली, ब्रिटनमध्ये १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला. सुटी आली, पण हॉटेलला पैसे कुठून आणायचे? या प्रश्नाला जर्मनीतून उत्तर आले. मार्च १९५० मध्ये फोक्सवॅगनने आपल्या डबा-गाडीचे उत्पादन सुरू केले आणि वर्षभरात वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायची ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढली. खूबी अशी की ही पेटी काढता-घालता येत होती. आठवडाभर गाडी दुकानाचा माल वाहायची. सुटी लागली की पेटी आत ठेवून, पडदे लावून कुटुंब फिरायला निघायचे. छोटा कॅम्पर जगभर पसरला तो अशा दुहेरी उपयोगामुळे. वेगळ्या ‘सुटीच्या गाडी’वर खर्च करण्याची ज्यांची ऐपत नव्हती, त्यांचे ते वाहन होते.

याच गाड्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला आणि तिथून गोव्याला येऊ लागल्या. हणजूण, कळंगुट, वागातोरच्या किनाऱ्यांवर युरोपातली तरुण मंडळी महिनोन्‌महिने राहिली. गावकऱ्यांनी खोल्या दिल्या, पाणी दिले; कुरबुरी झाल्या, पण गाडी हलवा म्हणून कोणी रोज दारावर काठी आपटली नाही. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट बंद पडली. मागे गोव्याची जी जागतिक ओळख उरली, तिच्यावर पुढे कोट्यवधींचा पर्यटन व्यवसाय उभा राहिला. तो ज्या पाहुण्यांपासून सुरू झाला, त्यांतले बरेच जण बिनहॉटेलचे होते.

ब्रिटनकडे परत वळावे लागते ते १९६० च्या कायद्यासाठी. कॅरॅव्हॅनच्या जागांचे नियमन करणारा हा कायदा. त्याने प्रत्येक तळाला परवाना सक्तीचा केला आणि गावाच्या सामायिक कुरणांवर कॅरॅव्हॅन उभे करण्यास बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक परिषदांना दिला. जिप्सी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ज्या कुरणांवर थांबत आली होती, त्यांतली कितीतरी या कलमाने बंद झाली. त्याच कायद्यात मान्यताप्राप्त क्लबांना मात्र सूट होती: क्लबने प्रमाणित केलेल्या शेतावर क्लबच्या सभासदांना पाच कॅरॅव्हॅनपर्यंत परवान्याशिवाय मुक्काम करता येतो. ही सूट उत्तम आहे. त्यातून ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत छोटे, स्वस्त, शांत तळ उभे राहिले, शेतकऱ्याला चार पैसे मिळाले आणि आजही मिळतात. माझा आक्षेप सूट दिल्याला नाही; ती ज्यांना सगळ्यात जास्त हवी होती त्यांना वगळून दिल्याला आहे. १९६८ मध्ये चूक उमगून जिप्सींसाठी तळ बांधण्याचे बंधन परिषदांवर घातले गेले. १९९४ मध्ये ते बंधन पुन्हा काढून टाकले.

छोट्या गाडीचा सध्याचा सगळ्यात विचार करण्याजोगा नमुना जपानमध्ये आहे. तिथे ‘केई’ नावाचा वाहनप्रकार आहे: इंजिन ६६० सीसीपर्यंत, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, याहून मोठे काही नाही. कर कमी, विमा कमी, अरुंद गल्लीत सहज वळते. सुझुकी एव्हरी, दायहात्सू हायजेट अशा डबा-गाड्यांमध्ये घडीची खाट, छोटा ओटा, वर उघडणारे छप्पर बसवून कॅम्पर तयार करतात. आपली १९८४ ची मारुती व्हॅन, जी नंतर ओम्नी झाली, ती याच सुझुकी घराण्यातली. ईकोचेही मूळ तेच. म्हणजे पुण्या-नाशिकच्या गॅरेजात आज ज्या गाडीवर प्रयोग चालले आहेत, तिच्या भावंडांवर जपानी सुतार कित्येक वर्षे हात बसवून आहेत. जपानी उत्पादक संघटनेच्या मोजणीप्रमाणे तिथले कॅम्पर २००५ मध्ये सुमारे पन्नास हजार होते, ते २०२३ पर्यंत दीड लाखांवर गेले.

ही वाढ कशावर उभी आहे? जपान सरकारने १९९३ मध्ये ‘मिची-नो-एकी’, म्हणजे रस्त्यावरची स्थानके, नोंदवायला सुरुवात केली. पहिल्या खेपेला १०३ होती, आता बाराशेवर आहेत. प्रत्येक ठिकाणी चोवीस तास मोफत पार्किंग, चोवीस तास उघडे स्वच्छतागृह, रस्त्याची माहिती आणि स्थानिक शेतकऱ्यांचा माल विकणारे दुकान. संध्याकाळी दुकान बंद होते, भाजीचे क्रेट आत जातात. संडासाचे दिवे रात्रभर चालू राहतात, पाणी वाहते, कोपऱ्यात पेयांची यंत्रे उजळलेली असतात. दमलेला ट्रकचालक, लेकराला घेऊन निघालेली आई आणि पडदे ओढून झोपलेले निवृत्त जोडपे एकाच आवारात रात्र काढतात. भांडणे तिथेही झाली. लोक आठवडाभर ठाण मांडू लागले, कचरा टाकू लागले, बाहेर खुर्च्या मांडून स्वयंपाक करू लागले. तेव्हा सरकारने सांगितले की ही जागा विश्रांतीची आहे, राहण्याची नाही. आणि कॅम्पर संघटनेने गेल्या दशकात वीज व कचऱ्याची सोय असलेल्या, अल्प भाड्याच्या वेगळ्या जागा प्रमाणित करायला घेतल्या. बंदी घालण्याऐवजी जागेचे दोन प्रकार केले. हा शहाणपणा उचलण्यासारखा आहे.

भूकंपांनी जपानला आणखी एक गोष्ट शिकवली. २००४ मध्ये निगाता भागात आणि २०१६ मध्ये कुमामोतोत घर कोसळण्याच्या भीतीने हजारो लोक मोटारीतच झोपले आणि पाय दुमडून बसून राहिल्याने रक्ताच्या गुठळ्या होऊन काहींचा जीव गेला. गाडीत पाय पसरून आडवे होता येणे ही चैन नाही, हे त्यातून सगळ्यांना कळले. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांच्या निवासासाठी कॅम्पर पाठवले गेले. कोयना आणि किल्लारी सोसलेल्या महाराष्ट्राने याकडे केवळ पर्यटन म्हणून बघू नये.

अमेरिकेचा अलीकडचा अनुभव सावध करणारा आहे. करोनानंतर तिथे मनोरंजन-वाहनांची लाट आली; २०२१ मध्ये कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त वाहने बाहेर पडली, आजवरचा उच्चांक. दोनच वर्षांत तो आकडा निम्म्याच्या आसपास, तीन लाख तेरा हजारांवर घसरला. हा धंदा असा चढतो आणि पडतो, हे इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला चांगले ठाऊक आहे. २००९ च्या मंदीत या वाहनांच्या राजधानीत दर पाच कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. त्याच मंदीत घर गमावलेली, पेन्शन न पुरणारी साठीच्या पुढची माणसे व्हॅनमध्ये राहायला गेली. जेसिका ब्रूडर यांचे २०१७ चे ‘नोमॅडलँड’ त्यांच्याबद्दल आहे; त्यावरच्या चित्रपटाने पुढे ऑस्कर मिळवले. समाजमाध्यमांवर व्हॅनच्या खिडकीतून दिसणारी पहाट दाखवणारी मध्यमवर्गीय तरुणी आणि गोदामातली हंगामी पाळी संपवून पार्किंगमध्ये झोपणारी आजी, दोघींची गाडी बाहेरून सारखीच दिसते. गाडीत राहण्यावर बंदी घालणारा लॉस एंजेलिसचा नियम २०१४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, तेव्हा नेमके हेच म्हटले: हा नियम शब्दशः लावला तर सहलीला निघालेला कॅम्परवालाही गुन्हेगार ठरेल, मग तो फक्त बेघरांनाच का लावता? २०२४ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात सार्वजनिक जागी झोपणाऱ्यांना दंड करण्याची शहरांना मोकळीक दिली.

आता आपल्याकडे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. केरळनेही त्याच वर्षी आणले आणि पुढे वागमोनला पहिले कॅरॅव्हॅन पार्क उघडले. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. पण अशा धोरणांच्या नजरेसमोर असते ती भाड्याने द्यायची, वातानुकूलित, मोठी गाडी आणि तिच्यासाठी आखलेले, आरक्षण करून जायचे पार्क. ईकोत गादी टाकून निघालेल्या शिक्षकाला त्या पार्कची गरजही नाही आणि ते परवडणारही नाही. त्याला हवे उजेडाचे आवार, पाण्याचा नळ, स्वच्छ संडास, आणि रात्री दोन वाजता काच ठोठावून कोणी हुसकावणार नाही एवढी खात्री. एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला तर ही खात्री आणखी हवी. गाडीतल्या बदलांबाबतही त्याची कोंडी आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल यांमुळे मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण काढता-घालता येणारी पेटी ठेवणे म्हणजे फेरफार का, याचे एकसारखे उत्तर आरटीओगणिक मिळायला हवे.

गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिणे आणि स्वयंपाक करणे दंडनीय केले. बाटल्या, उष्टे, प्लास्टिक यांनी किनाऱ्यांची जी अवस्था झाली होती ती पाहता गोवेकरांचा संताप मला पूर्ण पटतो. कोकणात वाळूत गाड्या घालणाऱ्यांबद्दलही हेच म्हणेन. कासवांच्या घरट्यांवरून चाके नेण्याचा हक्क कोणालाच नाही. पण गॅसची शेगडी आणि पिठले-भाताचे सामान घेऊन बस करून येणारे कुटुंब रस्त्याकडेला चूल मांडते, कारण हॉटेलात पन्नास जणांना जेवू घालणे त्याला झेपत नाही. त्यांच्यासाठी चुलीची, हात धुण्याची, कचरा टाकण्याची नेमून दिलेली जागा किनाऱ्यापासून दूर करून दिली, तर दंड कोणाला आणि का करायचा हे स्पष्ट होईल. परदेशी व्हॅनवाल्यांना एके काळी सामावून घेतलेल्या भूमीकडून एवढी अपेक्षा ठेवणे चूक नाही.

शिवाय मुक्काम लावणे ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. आळंदीहून पालखी निघते आणि सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत वाखरीला पोहोचते. दर मुक्कामी पालखीतळ आहे. दिंडीचा ट्रक गाद्या, भांडी, शिधा घेऊन पुढे जातो, माणसे चालत पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात, टँकर लागलेले असतात. अलीकडच्या वर्षांत फिरत्या शौचालयांची सोयही त्यात आली. लाखो माणसांचा रात्रीचा मुक्काम रोज नव्या गावी लावणारा हा समाज चार गाड्यांना रात्रभर जागा देऊ शकत नाही, हे मला मान्य नाही. अहिल्याबाई होळकरांनी देशभर बांधलेल्या धर्मशाळा आणि विहिरी याच समजुतीच्या होत्या.

आणि महाराष्ट्रात चाकांवर संसार घेऊन निघणारी सगळ्यात मोठी संख्या कॅम्परवाल्यांची नाही, ऊसतोड मजुरांची आहे. दिवाळीच्या मागेपुढे बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागांतून बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात. त्यांत ज्वारीची पोती, पेटी, शेळी, आजी आणि तान्हे मूल असते. वाटेत रात्र पडली तर पेट्रोल पंपाची कड किंवा शाळेचे मैदान. बायांना आडोसा नसतो. गाडीया लोहार आपल्या गाड्या शहराच्या वेशीवर लावतात, नंदीवाले आणि डोंबारी पाल ठोकतात, आणि गावात चोरी झाली की पहिली चौकशी तिथेच होते. ट्रकचालकांसाठी पेट्रोल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ निवारे सुरू केले आहेत, म्हणजे कल्पना सरकारी यंत्रणेला अपरिचित नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. कॅरॅव्हॅन पार्क होतील तेव्हा होऊ देत. त्याआधी प्रत्येक तालुक्यात राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गालगत एक सार्वजनिक मुक्कामाची जागा असावी. सपाट, दिवाबत्तीची, नळ आणि संडास असलेली, स्त्रियांसाठी वेगळी न्हाणी, सांडपाण्याला खड्डा, कचऱ्याला पेटी, आणि सांभाळायला गावातलेच एखादे महिला बचत गटाचे मंडळ, ज्यांचे चहा-भाकरीचे दुकान तिथे चालेल. एका रात्रीचे शुल्क नाममात्र असावे, पण ते गरिबाला बाहेर ठेवण्यासाठी लावलेले नसावे. सलग किती रात्री राहता येईल याचा नियम सगळ्यांना एकच असावा, गाडी जपानी असो, बैलाची असो की गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड असो. एसटीची कितीतरी आवारे शेवटची गाडी गेल्यावर रिकामी असतात, आठवडी बाजारांची मैदाने आठवड्यातले सहा दिवस मोकळी असतात, पालखीतळ वर्षातले अकरा महिने ओस पडतात. या जागा आधीच लोकांच्या मालकीच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी नवी जमीन संपादन करावी लागणार नाही.